गाडी सर्व्हिसिंगला टाकताना: गॅरेजवरचा विश्वास तपासून कसा वाढवायचा

पहिली गाडी घेतली की सुरुवातीचे महिने निर्धास्त जातात. मग सर्व्हिसिंगची तारीख येते, सकाळी चावी गॅरेजवाल्याच्या हातात द्यावी लागते आणि संध्याकाळी आपल्या हातात एक लांबलचक बिल येतं. त्यातलं काय खरंच झालं हे नवख्या माणसाला बॉनेट उघडूनही कळत नाही. हा लेख अशांसाठी आहे.

माझ्यावर काय गुदरलं ते आधी सांगते. गाडी घेऊन दोन वर्षं झाली होती. सर्व्हिसिंगहून आणल्यावर चारच दिवसांत एसी लावला की कुबट वास यायला लागला. बिलावर तर ‘केबिन फिल्टर (गाडीत येणारी हवा गाळणारा फिल्टर) बदलला’ असं स्पष्ट लिहिलेलं. माझ्या मैत्रिणीनं ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली उतरवला, मागचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं आणि फिल्टर बाहेर ओढला. तो करडा पडला होता, त्याच्या घड्यांमध्ये वाळक्या पानांचा चुरा होता आणि कोपऱ्यात एक मेलेला पतंग. तो फिल्टर पिशवीत घालून मी गॅरेजला गेले. त्यांनी माफी मागितली, नवा बसवून दिला. नजरचूक होती की लबाडी, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तपासायला पाच मिनिटं पुरली असती, आणि दोन वर्षांत हा फिल्टर असतो कुठे हेसुद्धा मी कुणाला विचारलं नव्हतं, याची रुखरुख मोठी होती.

तेव्हापासून मी एक रीत पाळते. गॅरेजवर एकदम सगळा भरवसा टाकायचा नाही, आणि एकदम संशयही घ्यायचा नाही. आपल्याला तपासता येईल असं लहान काम आधी द्यायचं, ते तपासायचं, मग पुढचं द्यायचं. चांगल्या मेकॅनिकला अशा तपासणीचा राग येत नाही, उलट काम समजून घेणारं गिऱ्हाईक त्याला हवं असतं.

आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा

ते बहुतेकांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पाकिटातच पडलेलं असतं. त्यात देखभालीचा तक्ता असतो: कोणती गोष्ट किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी, यातलं जे आधी येईल तेव्हा, तपासायची किंवा बदलायची. हा तक्ता गाडी बनवणाऱ्यांनी दिलेला आहे. गॅरेजच्या भिंतीवरचा तक्ता वेगळं सांगत असेल, तर वेगळं का हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

त्याच तक्त्याजवळ बहुधा ‘कठीण परिस्थितीतला वापर’ असा दुसरा रकानाही असतो, आणि नवखे लोक तो हमखास सोडून देतात. रोज चार-पाच किलोमीटरच गाडी चालवणं, धुळीचे रस्ते, गर्दीत इंजिन चालू ठेवून तासन् तास उभं राहणं, हे सगळं त्यात येतं. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही, ऑइलमध्ये शिरलेली वाफ आणि इंधन उडून जात नाही आणि ऑइल लवकर खराब होतं. म्हणजे तुमची गाडी कमी चालते म्हणून तिला सर्व्हिसिंग उशिरा चालेल, असं धरून चालू नका.

एका कागदावर एवढं उतरवून घ्या: इंजिन ऑइलचा ग्रेड आणि त्याचा दर्जा, ऑइल किती लिटर लागतं, ब्रेक ऑइलचा प्रकार, कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) प्रकार, टायरमधली हवा, आणि इंजिनला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या तालात चालवणारा पट्टा) आहे की चेन. ऑइलचा ग्रेड ‘५डब्ल्यू-३०’ असा लिहिलेला असतो. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं ते. मेकॅनिक म्हणाला की ‘जरा जाड ऑइल टाकतो, इंजिन शांत चालेल’, तर हा कागद दाखवा आणि पुस्तकात आहे तेच टाकायला सांगा.

टायरच्या हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत असतो. टायरवर छापलेला आकडा हा त्या टायरला झेपणाऱ्या कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नाही. ही गल्लत अनुभवी लोकही करतात.

गाडी न्यायच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटं

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढा, फडक्यानं पुसा, परत पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून बघा. ऑइल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवं. फोटो काढून ठेवा. रंगावरून फार निष्कर्ष काढू नका, डिझेल इंजिनमधलं नवं ऑइल थोड्याच किलोमीटरमध्ये काळं होतं आणि ते नेहमीचंच आहे.

मग कूलंटची टाकी बघा. पातळी बाहेरूनच दिसते. गरम इंजिनावर रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण कधीही उघडायचं नाही, आतलं उकळतं पाणी दाबानं अंगावर येतं. ब्रेक ऑइलची डबीही तशीच बाहेरून बघता येते. ती पातळी खाली गेलेली दिसली तर नुसतं वरून ऑइल भरून मोकळे होऊ नका. ब्रेक पॅड झिजले की पातळी आपोआप खाली येते, नाहीतर कुठेतरी गळती असते. दोन्हींपैकी काय आहे हे कळायला हवं.

टायर थंड असताना हवा तपासा. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. टायरची झीज तिथपर्यंत आली की खोली १.६ मिलीमीटर उरलेली असते आणि टायर संपलेला असतो. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. टायरचं वय यावरून कळतं, कुणी सांगायची गरज नाही.

शेवटी मीटरचा फोटो काढा आणि तक्रारी लिहून काढा. हे लिहिणं मात्र मनापासून करा, कारण निम्मी गैरसमजुतीची भांडणं इथेच टळतात. ‘गाडी आवाज करते’ यावरून कुणालाच काही कळत नाही. ‘सकाळी गाडी थंड असताना पहिल्या दोन-तीन ब्रेकला पुढच्या डाव्या चाकातून किरकिर येते, नंतर बंद होते’ असं लिहिलंत तर मेकॅनिकचं अर्धं काम झालं. कधी, किती वेगाला, गरम की थंड, वळताना की सरळ, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, एवढं सांगा.

लक्षणच सांगा, औषध सांगू नका. ‘ब्रेक पॅड बदला’ असं तुम्हीच सांगितलंत तर ते बदलतील, बिल होईल, आणि आवाज दुसऱ्याच कशाचा असेल तर तो तसाच राहील. मग दोष कुणाला देणार? त्यांनी तर सांगितलेलं काम केलं.

गॅरेज कुठलं?

कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर की बाहेरचं गॅरेज, हा प्रश्न नव्या माणसाला उगाच फार मोठा वाटतो. वॉरंटी चालू असेल तोवर तिच्या अटी स्वतः वाचा आणि त्याप्रमाणे ठरवा. ती संपल्यावर इमारतीपेक्षा माणूस महत्त्वाचा. तुमच्याच मॉडेलची गाडी चालवणाऱ्या दोघा-तिघांना विचारा, आणि ‘चांगलं आहे का’ याऐवजी ‘काही चुकलं तेव्हा ते कसे वागले’ असं विचारा.

मग एकदा काम नसताना जाऊन या. दुपारची, जरा निवांत वेळ बघा. काढलेले नट-बोल्ट ट्रेमध्ये ठेवतात की जमिनीवर विखुरलेले असतात? सीटवर कव्हर घालतात का? चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं) आवळतात की नुसती हवेची गन मारून गाडी सोडतात? गननं प्रमाणाबाहेर आवळले की स्टड (ज्या बोल्टवर नट बसतात ते) ताणले जातात, आणि पुढे रस्त्यात पंक्चर झाल्यावर डिकीतल्या पान्यानं ते नट जागचे हलत नाहीत. माझ्या लेखी चकचकीत बैठकीच्या खोलीपेक्षा या गोष्टी जास्त बोलतात.

तिथल्या माणसाला तीन गोष्टी विचारा. माझ्या गाडीला कोणतं ऑइल टाकाल? काढलेले जुने पार्ट परत द्याल का? जास्तीचं काम निघालं तर करण्याआधी फोन कराल का? उत्तरं सरळ आली तर पहिलं काम म्हणून फक्त ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायला द्या. क्लच, सस्पेन्शन असलं मोठं काम नव्या गॅरेजला पहिल्याच भेटीत देऊ नका. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑइल नसतं, तिच्यासाठी केबिन फिल्टर किंवा टायरची अदलाबदल यापासून सुरुवात करता येते.

जॉब कार्डवर सही करण्याआधी

जॉब कार्ड म्हणजे गाडीवर करायच्या कामांचा गॅरेजचा कागद. त्यावर ‘जनरल सर्व्हिस’ एवढीच ओळ असेल तर थांबा. त्यात काय काय बदलणार आणि काय फक्त तपासणार हे वेगवेगळं लिहून घ्या. ‘तपासणे’, ‘साफ करणे’ आणि ‘बदलणे’ ही तीन वेगळी कामं आहेत आणि बिलात ती सर्रास एकमेकांत मिसळतात. पार्ट कंपनीचा असेल की दुसऱ्या बनावटीचा, तेही लिहा. दुसऱ्या बनावटीचा पार्ट वाईटच असतो असं मुळीच नाही, पण कोणता बसला हे तुम्हाला माहीत हवं. अंदाजे खर्च लेखी घ्या, आणि ‘फोनवर परवानगी घेतल्याशिवाय जास्तीचं काम करू नये’ हे वाक्य कार्डवर लिहून घ्या. तुमच्या यादीचा कागद कार्डला टाचून द्या.

एक साधी युक्ती: एअर फिल्टर आणि केबिन फिल्टरच्या कडेला पक्क्या शाईच्या पेनानं आधीच बारीक खूण आणि तारीख टाकून ठेवा. गाडी परत आली की झाकण उघडून बघायचं. खूण दिसली तर फिल्टर जुनाच आहे.

‘हे पण करून घ्या’ असा फोन आला तर

खरी परीक्षा इथे असते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही कामाच्या गडबडीत असता, फोन येतो, आणि चार नवी कामं सांगितली जातात. लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. प्रत्येक कामाला तीनच प्रश्न लावा: मला दाखवता का? माप किती आलं? आणि तीन महिने थांबलं तर काय होईल?

माझ्या सध्याच्या गॅरेजवर माझा जीव जडला तो याच प्रश्नांमुळे. दुसऱ्याच सर्व्हिसिंगला मी तिथे उभी होते. चाक काढलेलं, मेकॅनिक दादांनी मला जवळ बोलावलं आणि टॉर्चचा उजेड कॅलिपरच्या (ब्रेक पॅड धरून ठेवणाऱ्या भागाच्या) फटीत पाडला. ‘ताई, ही मागची लोखंडी पट्टी धरायची नाही. तिच्या पुढचा जो काळपट थर आहे ना, तो पॅड. सहा मिलीमीटर आहे अजून. पुढच्या सर्व्हिसिंगला बघू.’ बदलून टाकले असते तर मला काहीच कळलं नसतं. तो उजेडातला थर बघितला आणि पुढच्या वेळी त्यांनी सांगितलेलं मोठं काम मी निश्चिंत मनानं करू दिलं.

आता मापांविषयी. नव्या ब्रेक पॅडचा थर साधारण १० ते १२ मिलीमीटर असतो, आणि ३ मिलीमीटरच्या आसपास आला की बदलायचा. ब्रेक डिस्कची (पॅड जिला घासतात त्या चकतीची) किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, ती मोजून दाखवायला सांगा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ‘डॉट ४’ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले, ऑइल उकळलं आणि त्यात वाफ झाली, तर पेडल नुसतं आत जातं. म्हणून बऱ्याच गाड्यांना ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. हे काम कुणी सुचवलं तर ते उगाच वाढवलेलं समजू नका, आधी मागची तारीख बघा.

बॅटरीचंही तसंच. इंजिन बंद करून गाडी काही तास उभी असेल तर पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चालू इंजिनावर आकडा वर जात नसेल तर आधी अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र) तपासायला हवा. नुसती नवी बॅटरी घेतलीत तर तीही उतरेल. व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केली असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला छापील कागद मागा.

गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून निघालेला दोषाचा कोड हाही निकाल नव्हे. कोड एवढंच सांगतो की अमुक सर्किटमध्ये किंवा यंत्रणेत गडबड आहे. एखाद्या सेन्सरचा कोड सैल प्लगमुळे किंवा उंदरानं कुरतडलेल्या वायरमुळेही येतो. ‘कोड आला म्हणून सेन्सर बदलू’ असं कुणी म्हणालं तर विचारा, वायर आणि प्लग तपासले का? आणि हा शोध घ्यायला मेकॅनिकला तास-दीड तास लागला तर त्याचे पैसे आनंदानं द्या. दोष नेमका शोधणं हेच त्याचं खरं कसब आहे. तपासणीचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो, म्हणूनच पार्ट बदलून बघायची सवय लागते.

इंजिन फ्लश, इंधनात टाकायची औषधं, लक्षण नसताना इंजेक्टर साफ करणं, एसीच्या जाळीवर सुगंधी फवारा. यातलं काही पुस्तकातल्या तक्त्यात आहे का बघा. नसेल आणि गाडीला कसलाही त्रास नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

काही कामं मात्र खरंच थांबत नाहीत. टायरची आतली दोरी दिसायला लागली, स्टिअरिंगच्या जोडाला ढिलाई आली, कूलंट गळतंय, ब्रेक ऑइल गळतंय, तर गाडी रस्त्यावर आणू नका. टायमिंग बेल्टची मुदत उलटली असेल तर तेही काम पुढे ढकलू नका. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि बेल्टच्या कितीतरी पट खर्चाचं काम निघतं. बेल्ट बाहेरून धडधाकट दिसतो, म्हणून तो किलोमीटर आणि वर्षं बघूनच बदलायचा असतो.

गाडी ताब्यात घेताना

उजेड असताना जा. पैसे देण्याआधी डिपस्टिक बघा. ऑइल कमी असणं वाईट हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण वरच्या खुणेच्या पुढे जाणंही वाईट. क्रँकशाफ्ट (इंजिनमधला फिरता दांडा) जास्तीच्या ऑइलमध्ये बुडून त्याचा फेस करतो, फेसाळलेलं ऑइल नीट वंगण देत नाही. जास्त दिसलं तर तिथल्या तिथे काढायला सांगा.

चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) ड्रेन बोल्टचा, म्हणजे ऑइल काढायच्या बोल्टचा, वॉशर नवा टाकला का, हे विचारा. चिमुकली वस्तू आहे, पण जुनाच वॉशर लावून गळू नये म्हणून बोल्ट दाबून आवळला की चेंबरचे आटे जातात. ब्रेकचं काम झालं असेल तर गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाचदा दाबून ते कडक लागतंय ना बघा. पॅड बदलल्यावर पहिलं पेडल पोकळ जाऊ शकतं, आणि गर्दीत बाहेर पडताना ते कळणं धोक्याचं आहे. जुने पार्ट बघून घ्या. आवाजाची तक्रार होती तर मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारा.

बिलावर ऑइलचा ग्रेड, लिटर, पार्टचे नंबर, तारीख आणि मीटरचा आकडा हवा. पुढे वॉरंटीचा प्रश्न आला किंवा गाडी विकायची झाली तर याचाच आधार होतो.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर थेंब दिसले तर कुठल्या जागी आणि कुठल्या रंगाचे, याचा फोटो काढा. एसीचं स्वच्छ पाणी ठिबकलं असेल तर काळजी नको. चाकं काढली होती तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळून घ्या.

काही चुकलंच तर

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी परत जा, फोटो घेऊन. चारचौघांत आवाज चढवू नका, ज्यानं काम केलं त्याच्याशी बोला: ‘हे असं दिसतंय, जरा बघता का?’ रोज इतक्या गाड्यांवर हात चालतात, एखादी क्लिप राहून जाते. ती चूक मान्य करून लगेच गाडी आत घेणारं गॅरेज सोडू नका. बघायच्या आधीच ‘हे आमच्याकडून झालेलं नाही’ म्हणणाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही. मोठ्या खर्चाचं काम निघालं तर दुसऱ्या गॅरेजचं मत जरूर घ्या, मात्र तिथे पहिल्याचं निदान सांगू नका, लक्षणंच सांगा. दोघांचं निदान जुळलं तर निर्धास्तपणे काम करून घ्या.

एक वही गाडीतच ठेवा. डावीकडे तारीख आणि किलोमीटर, उजवीकडे काय बदललं, काय मोजलं आणि पुढचं कधी. माझ्या वहीत पॅडच्या ओळीत आधी ६ आहे, पुढच्या वर्षी ४. आता सर्व्हिसिंगला गाडी टाकायच्या आधीच मी दादांना फोन करून पॅड मागवून ठेवायला सांगते.